प्रेताच्या गळ्यातला ताईत

देवाचा मुकुट कानामागे टोचायला लागला की देवाने कोणाकडे जावं? या मालिकेतला देव सरळ आत्यांकडे यायचा. स्टुडिओच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली, एक लांबट खोली होती. भिंतीभर खिळे, खिळ्याखिळ्याला माळा, कंठे, बाजूबंद, कमरपट्टे, आणि मधोमध स्टुलावर बसलेल्या आत्या. देव मान खाली घालून उभा राहायचा. आत्या मुकुटाच्या कडेला आतून कापसाची पट्टी चिकटवायच्या आणि म्हणायच्या, "झालं हं बाळा. जा आता, कर प्रलय."

आत्या कोणाच्या सख्ख्या आत्या होत्या कोण जाणे. इथे मात्र देवापासून दैत्यापर्यंत सगळ्यांच्या त्या आत्याच. पूर्वी त्या घरी बसून एका दुकानासाठी मणी ओवून द्यायच्या. नवरा सेटवरचा सुतार. राजवाडे उभे करायचा आणि काम संपलं की स्वतःच पाडायचा. तो गेल्यावर कपडेपटाच्या मास्तरांनी निरोप धाडला, वहिनी, माळा ओवायला माणूस हवंय, येता का? आल्या त्या आल्या. मास्तर निवृत्त झाले, त्यांच्या हाताखालचे मास्तर झाले, आत्या आपल्या स्टुलावर होत्या तशाच.

बाईंना दोन खोडी होत्या. पहिली म्हणजे ऊठसूट आभार मानायचे. दोरा पहिल्या फटक्यात सुईत गेला की सुईला म्हणणार, "उपकार झाले गं बाई." बस वेळेवर आली, उपकार. चहा गरम मिळाला, उपकार. ऐकणाऱ्याला कधीकधी वीट यायचा. अहो, चहावाला चहाचे पैसे घेतो, त्यात उपकार कसले? पण सांगणार कोण, आणि सांगितलं तरी ऐकणार कोण!

दुसरी खोड जास्त महत्त्वाची, कारण ही सगळी गोष्टच तिच्यावर उभी आहे. गळ्यात घालायची वस्तू आत्या कधी कोणाच्या हातात देत नसत, स्वतः बांधायच्या. दुसरीकडे हूक असतात, चिकटपट्ट्या असतात. आत्यांची मात्र दोऱ्याची गाठ, दोनदा फिरवून मधून ओढलेली. घोड्यावरून पडलं तरी सुटायची नाही, आणि टोक ओढलं की एका झटक्यात मोकळी. गाठ मारून झाली की मानेवर दोन बोटं टेकवायच्या आणि म्हणायच्या, "जपून या हं." कॅमेऱ्यासमोर जाणाऱ्या प्रत्येकाला. मग तो राजपुत्र असो, नाहीतर पहिल्याच बाणाला आडवा होणारा शिपाई असो.

मालिका कुठली म्हणाल, तर तुम्ही पाहिली असेलच. नसेल पाहिली तरी पाहिल्यासारखीच आहे. एक राजपुत्र, लहानपणी टोपलीतून नदीत सोडलेला, नावाड्याने वाढवलेला. त्याच्या खांद्यावर चंद्रकोरीची खूण. ती खूण अख्ख्या राज्याला दिसते, एकट्या त्याच्या आईला काही केल्या दिसत नाही. भविष्य सांगणारी म्हातारी सगळं सविस्तर सांगते आणि नेमक्या महत्त्वाच्या शब्दावर प्राण सोडते. दैत्यांचं सैन्य अफाट, पण काय ती शिस्त! एकेकाने पुढे यायचं, मार खायचा, पडायचं, मग दुसऱ्याने यायचं. उगाच गर्दी नाही.

मरणाचेही नियम ठरलेले होते आणि ते लेखिकाबाईंनी सगळ्यांना पाठ करून ठेवले होते. दरीत पडलेला माणूस मेला असं धरायचं नाही, तो कधीही परत येऊ शकतो. पण ज्याचं प्रेत दिसलं, ज्याचे डोळे कोणी हाताने मिटले, तो गेला. त्याचे कपडे धुवायचे, उसवायचे आणि शिपायांसाठी बेतायचे. त्यामुळे आपला मृत्यू जवळ आलाय असं कळलं की नट आधी एकच प्रश्न विचारायचा, "दरी की चिता?" दरी म्हटलं की तो निवांत व्हायचा. चिता म्हटलं की दुसरं काम शोधायला लागायचा.

त्या वर्षी चिता आली गुरुजींच्या वाट्याला.

गुरुजी म्हणजे मालिकेतले राजगुरू. पांढरीशुभ्र दाढी, भरदार आवाज, पायात जरा सूज. उभ्या आयुष्यात त्यांनी गुरूच केले आणि प्रत्येक वेळी ते मध्येच मेले, कारण गुरू मेल्याशिवाय शिष्य मोठा होत नाही, असा या धंद्यातला पक्का समज आहे.

"माझे स्वतःचे मास्तर चांगले नव्वदीपर्यंत खणखणीत होते," गुरुजी लेखिकाबाईंना म्हणाले. "म्हणून मी काय लहानच राहिलो?"

"गुरुजी, मला का वाईट वाटत नाही? पण राजपुत्राला एकटं पाडल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही हो."

"सरकवा, सरकवा. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही," असं म्हणून गुरुजी हसले. पण तिथून ते सरळ जिन्याखालच्या खोलीत येऊन बसले. आत्यांनी त्यांच्यापुढे चहा ठेवला. या वयात नवा गुरू कोण देणार, आणि दिलाच तर तोही मरणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आत्यांचंही त्या दिवसांत काही बरं चाललं नव्हतं. मालिकेचा सगळा कारभार पाहायला एक नवा माणूस आला होता. त्याला सगळे कारभारीच म्हणायचे. वय लहान, आवाज मोठा. माणूस वाईट नव्हता, पण घड्याळाशी लग्न लागल्यासारखा वागायचा. मध्यंतरी ऐन युद्धात सेनापतीच्या गळ्यातली माळ तुटली, मणी घोड्याच्या टापांखाली गेले, घोडा बिचकला आणि अर्धा दिवस वाया गेला. आत्या म्हणाल्या, "गाठ सुटली नाही हो, दोरा तुटला." कारभारी म्हणाले, "दोरा तुटो नाहीतर गाठ सुटो, काम माझं थांबतं. आत्या, तुमचं वय झालंय. यापुढे एक जरी चूक झाली, तरी तुम्ही घरी बसायचं. मी वाईटपणा घेईन."

घरी बसायचं! घर चांगलं होतं. मुलगा सरळ, सून कामाची. पण सकाळी दोघंही आपापल्या कामाला पळायची. डबे, किल्ल्या, चपला यांची नुसती पळापळ. आत्या घरातून निघायच्या तेव्हा मागे फक्त दाराचा आवाज व्हायचा. दिवसभर त्या रिकाम्या खोल्यांत आपण भिंतीकडे बघत बसलोय, हे चित्र डोळ्यांपुढे आलं की आत्या बसथांब्याकडे जरा जास्तच भरभर चालायच्या. इथे निदान देव मान वाकवून उभा राहत होता.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. मालिकेत जे आधी घडतं ते आधी चित्रित होतंच असं नाही. गोष्टीत असं होतं की गुरुजी आपल्या गळ्यातला ताईत काढून राजपुत्राच्या गळ्यात बांधतात, मग दैत्याशी लढतात आणि मरतात. पण देवळाचा सेट मोडायला आला होता, म्हणून मरण सोमवारी उरकलं आणि ताईत द्यायचा प्रसंग ठेवला गुरुवारी. म्हणजे सोमवारी गुरुजींच्या गळ्यात फक्त रुद्राक्षाची माळ हवी, ताईत नको. हे आत्यांना माहीत होतं. आदल्या दिवशी त्या स्वतःशी दोनदा घोकत होत्या. कोणाच्या अंगावर काय होतं याचे फोटो काढून ठेवणारी मुलगी नेमकी सोमवारी धबधब्यापाशी, अजगराच्या चित्रीकरणाला गेली होती.

सोमवारी सकाळी गुरुजी आले. नेहमीसारखे स्टुलासमोर वाकून उभे राहिले. "बांधा आत्याबाई," म्हणाले, "चितेवर चाललोय."

झालं! तो शब्द ऐकला आणि आत्यांचे डोळे भरून आले. पुढचं त्यांना नीट दिसलंच नाही. हाताला मात्र सवय होती. हात खिळ्याकडे गेला, माळेबरोबर ताईतही उतरवला, दोनदा फिरवून गाठ मारली, मानेवर दोन बोटं टेकली. "जपून या हं," असं त्या मरायला निघालेल्या माणसाला म्हणाल्या. वर शाल, वर दाढी. ताईत झाकला गेला. गुरुजी मेले, राजपुत्राने त्यांचे डोळे मिटले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

राजपुत्राच्या गळ्यात त्या दिवशी जोडीतला दुसरा ताईत होता. होय, जोडी असायचीच. काही तुटलं, हरवलं तर पंचाईत नको म्हणून आत्या प्रत्येक वस्तू दोन दोन करून ठेवत. गुरुवारी गुरुजींनी तोच राजपुत्राच्या गळ्यात बांधला. सगळं कसं छान झालं.

गुरुजींच्या मरणाचा भाग लागला तेव्हा आत्या घरी सुनेबरोबर बसून पाहत होत्या. सूनबाई डोळे पुसत होती. देवळाच्या पायरीवर गुरुजी पडले, राजपुत्राने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं, दाढी बाजूला सरली, आणि अख्ख्या पडद्यावर, लख्ख उजेडात, प्रेताच्या गळ्यात ताईत.

आत्यांची तर पाचावर धारण बसली. पुढच्याच क्षणी राजपुत्र उठला, त्याच्याही गळ्यात ताईत.

"आई, तुम्हाला काय झालं? रंग का उतरला?" सून म्हणाली.

"काही नाही गं. गुरुजी गेले ना," आत्या म्हणाल्या. खोटं नव्हतं तेही.

दुसरी एखादी असती तर गप्प बसली असती. कोणाच्या लक्षात आलंय, कोणाच्या नाही, आपण कशाला हात दाखवून अवलक्षण करून घ्या! आत्यांना ते जमलं नाही. सकाळी त्या आधी कारभाऱ्यांच्या टेबलापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"काल गुरुजी मेले तेव्हा गळ्यात ताईत होता. मी बांधला. चूक माझी," त्या म्हणाल्या. "पदरात घ्या असं नाही म्हणत. तुम्ही आधी सांगितलं होतंत."

कारभाऱ्यांनी तो प्रसंग फोनवर लावला. पाहिला, पुन्हा पाहिला. मग त्यांनी फोन उलटा ठेवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आत्या, मी बोलून चुकलोय. सगळ्यांसमोर बोललोय."

"हो ना," असं म्हणून आत्यांनी खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. "इतकी वर्षं ठेवून घेतलंत, उपकार झाले."

कारभाऱ्यांना ते ऐकून काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं बहुधा वाटलं असेल.

आत्या खोलीत आल्या आणि नव्या माणसाला सोपं जावं म्हणून माळा लावायला बसल्या. लहान मणी एकीकडे, मोठे एकीकडे. गुरुजींची रुद्राक्षाची माळ हातात आली तेव्हा मात्र त्यांचा बांध फुटला. भिंतीकडे तोंड करून त्या चांगल्या रडल्या. कोणी बघत नव्हतं, त्याचेही त्यांनी आभारच मानले असतील, काही नेम नाही.

तिकडे मात्र वेगळंच रामायण सुरू झालं होतं. सकाळपासून स्टुडिओचा फोन ठणाणा करत होता. जो तो ताईताबद्दलच विचारत होता. कोणी प्रेताच्या गळ्याभोवती लाल गोल काढून तो फोटो गावभर फिरवला होता. कारभाऱ्यांनी कपाळाला हात लावला. पण लेखिकाबाई धापा टाकत आल्या त्या हसतच.

"अहो, लोक काय म्हणताहेत ऐकलंत का? कोणी चूक म्हणतच नाहीये! म्हणतात, खरा ताईत राजपुत्राच्या गळ्यात. तो बांधताना आम्ही डोळ्यांनी पाहिला. मग प्रेताच्या गळ्यातला ताईत खोटा. आणि ताईत खोटा, तर प्रेतही खोटं! दैत्याने गुरुजींचं रूप घेतलं होतं आणि तोच मेला. खरे गुरुजी कुठेतरी कैदेत आहेत."

"पण असं काही नाहीये," दिग्दर्शक म्हणाले.

"नव्हतं! आता आहे. इतके महिने मी डोकं फोडून घेतेय, मला हे सुचलं नाही."

कावळा बसला आणि फांदी तुटली, दुसरं काय! फक्त या वेळी फांदी तुटून नेमकी फळं खाली पडली. गुरुजींना फोन गेला. शाल उसवायला घेतली होती ती पुन्हा शिवायला घेतली. काही शहाणे कुजबुजले, की म्हातारीने मुद्दाम केलं. आत्या शपथेवर सांगत राहिल्या, "नाही हो, मला एवढी अक्कल असती तर मी मणी ओवत बसले असते का?"

कारभारी स्वतः जिन्याखाली आले. दारातच उभे राहिले, आत काही येईनात. मग म्हणाले, "ती किल्ली टेबलावरून उचलून आणा आधी. माझं टेबल अडतंय."

आत्या पदर सावरत उठायला लागल्या. कारभारी म्हणाले, "राहू द्या, बसा," आणि खिशातून किल्ली काढून त्यांनीच स्टुलावर ठेवली. आणलेलीच होती लेकाने!

आता गुरुजींना परत आणायचं म्हणजे थाटात आणायला हवं. लेखिकाबाईंनी लिहिलं: गुहेत गुरुजी बेशुद्ध पडलेत. अंधारातून देवीचा हात येतो, फक्त हात, आणि त्यांच्या गळ्यात नवा ताईत बांधतो. देवीचं काम कोण करणार ते अजून ठरायचं होतं, म्हणून नुसता हात.

हात म्हणजे काय, मिळेल कुठलाही, असं सगळ्यांना वाटलं. नाचातल्या एका मुलीचा घेतला. बोटं कशी चाफेकळीसारखी, पण गाठ बसेना. रंगभूषा करणारीचा घेतला, तर तिची नखं गुरुजींच्या मानेला लागली आणि बेशुद्ध गुरुजी फिसकन हसले. तिसऱ्या खेपेलाही हसले. चौथ्या खेपेला त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "माझी मान या हातांना ओळखत नाही हो. जिला ओळखते तिला बोलवा."

आत्यांना बोलावणं गेलं तेव्हा त्या हात मागे लपवून आल्या. "अगं बाई, माझे कसले हात! सुया टोचून टोचून चाळण झालीय नुसती."

"द्या इकडे," दिग्दर्शक म्हणाले. सोनेरी भुकटी लावली. सुरकुत्यांमध्ये ती अशी काही बसली की उजेड पडल्यावर सगळे जवळ येऊन बघायला लागले. चाफेकळ्यांचं ते काम नव्हतं. हजारो वर्षं जगाचं बघणाऱ्या देवीचा हात असाच दिसणार.

कॅमेरा सुरू झाला. हात अंधारातून आला. दोनदा फिरवून गाठ, मधून ओढलेली. मानेवर दोन बोटं टेकली. आणि त्या शांततेत, सवयीने, आत्यांच्या तोंडून निघून गेलं, "जपून या हं."

गुरुजींच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. ते काही लिहिलेलं नव्हतं.

"थांबा! देवी बोलली!" ध्वनिमुद्रण करणारा ओरडला. आत्यांनी जीभ चावली. पुन्हा चूक! त्यांनी घाबरून कारभाऱ्यांकडे पाहिलं. कारभारी घड्याळ विसरून नाक पुसत होते.

"खोडून टाकू का?" ध्वनीवाल्याने विचारलं.

"राहू दे," लेखिकाबाई म्हणाल्या. "देवी दुसरं काय म्हणणार आहे?"

त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी गुरुजी खोलीत आले. "आत्याबाई, मला मारलं पुष्कळांनी," ते म्हणाले. "परत आणलंत तुम्ही एकट्यांनी. आजवर तुम्ही सगळ्यांचे उपकार मानलेत, आज माझे ऐकून घ्या." आणि त्यांनी खरंच हात जोडले. आत्यांना आयुष्यभर द्यायचीच सवय, घ्यायचं कसं ते माहीत नव्हतं. त्यांनी गुरुजींपुढे चहा सरकवला.

तो भाग लागला त्या दिवशी आत्यांनी घरी काही सांगितलं नव्हतं. पडद्यावर हात आला. सूनबाई पुढे सरकून बघायला लागली. मग तिने पडद्यावरच्या हाताकडे पाहिलं, शेजारी शेंगा सोलणाऱ्या हाताकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "अहो, लवकर बाहेर या!" ती नवऱ्याला ओरडली. "देवी म्हणजे आपल्या आई आहेत!"

पुढचे काही दिवस तर गंमतच झाली. स्टुडिओच्या फाटकावरचा रखवालदार सुटणाऱ्या प्रत्येक गाडीला "जपून या हं" म्हणायला लागला. चहावाला कप देताना म्हणायचा. बसथांब्यावर एक आई आपल्या लेकीला शाळेच्या बसमध्ये चढवताना तिच्या मानेवर दोन बोटं टेकवून तेच म्हणाली आणि दोघी हसल्या. आत्या शेजारीच उभ्या होत्या. हे आमचं हो, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. पिशवी सावरून बसमध्ये चढल्या.

आणि घरी? घरी सकाळची पळापळ तशीच होती. डबे, किल्ल्या, चपला. आत्या पायांत चपला सरकवून दार उघडत होत्या, तेवढ्यात सूनबाई ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली. तिने सासूची मान जरा वाकवली, दोन ओली बोटं टेकवली.

"आई, जपून या हं."

आत्यांनी मान वर केली ती जरा वेळाने. "उपकार झाले गं बाई," त्या म्हणाल्या आणि कामाला निघाल्या.